नाच येत नाही, पार्टनरपण नाही, तरी केजन-झायडेको वीकेंड कॅम्पला जाऊ का?

जा की बिनधास्त! केजन आणि झायडेको म्हणजे अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याची दोन लोकसंगीतं आणि त्यांवरचे जोडीने नाचायचे नाच. पार्टनर लागतच नाही, क्लासमध्ये दर दोन-तीन मिनिटांनी जोड्या बदलतात आणि रात्रीच्या नाचाला अनोळखी माणसाला विचारणं अगदी नॉर्मल आहे. केजनमध्ये मुख्य दोनच नाच, वॉल्ट्झ आणि टू-स्टेप, ते पहिल्याच दिवशी जमतात. झायडेकोला जरा वेळ लागतो, कारण तो जागच्या जागी, गुडघे सैल ठेवून नाचायचा असतो, आपल्याकडचे लोक आधी उड्या मारायला लागतात 😄 बूट मात्र चामड्याच्या तळव्याचे न्या, रबरी सोल फरशीला चिकटतो आणि गुडघ्याची वाट लागते.

दोन्ही संगीतं लुईझियानाचीच पण एक नाहीत. १७५५ पासून ब्रिटिशांनी कॅनडातून हाकललेले फ्रेंचभाषिक अकेडियन लोक, त्यांच्यातले बरेच नंतर लुईझियानात आले, त्यांचं ते केजन, म्हणजे फिडल (व्हायोलिनच), बटणांचा अकॉर्डियन, ट्रँगल (वाजवायचा लोखंडी त्रिकोण). झायडेको तिथल्या फ्रेंच वारसा असलेल्या कृष्णवर्णीय क्रिओल लोकांचं, त्यात ब्लूज मिसळलेला, आणि छातीवर अडकवून खरडून वाजवायचा पत्रा असतो तो फ्रोत्वार, त्याचं आजचं रूप झायडेकोचा नामवंत अकॉर्डियनवादक क्लिफ्टन शेनिए याने १९४६ मध्ये विली लँड्री या कारागिराकडून बनवून घेतलं.

वाजवायला शिकायचं असेल तर माझं मत, फिडल नाहीतर ट्रँगल घ्या. बटणवाला अकॉर्डियन पेटीसारखा नाही हो, एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा, वीकेंडभरात डोकं फिरतं. आणि संध्याकाळचे जॅम (सगळ्यांनी मिळून वाजवायच्या बैठका) चुकवू नका, क्लासपेक्षा तिथेच जास्त कळतं.