ऐनवेळी सुचत नाही, म्हणजे अंगात कला नाही का?

‘‘मॅडम, माझ्याकडे नुसती मेहनत आहे. आतून काही येतच नाही.’’ गाणारी, वाजवणारी, नाटकात काम करणारी मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा शब्द बदलतात पण रड हीच असते. दुसऱ्याला चटकन सुचतं, मला घरून तयारी करून यावं लागतं, म्हणजे मी खोटा. पंचविशीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

लहानपणापासून पियानो शिकलेली, परीक्षा उत्तम मार्कांनी पास. नोकरी लागल्यावर मित्रांच्या जॅझ बँडमध्ये गेली. बँडमध्ये बसवलेली गाणी ती झकास वाजवायची. प्रश्न यायचा जॅम सेशनला, म्हणजे आधी काही न बसवता एकत्र जमून वाजवायच्या बैठकीला. सोलोची, म्हणजे एकटीने वाजवायची पाळी तिच्यावर आली की पहिले दोन-चार बार (तालाची आवर्तनासारखी छोटी मापं) हात ओळखीच्या कॉर्डवर फिरायचे, मग बोटं गार. कानात फक्त ड्रमरची झांज. उरलेले बार ती एकच सूर धरून कसेबसे ढकलायची. घरी बाबा हार्मोनियम वाजवणारे. त्यांचं म्हणणं, उपज, म्हणजे वाजवता वाजवता नवं सुचणं, ही शिकवून येत नाही, असते किंवा नसते. आपल्यात ती नाही, तेव्हा की-बोर्ड विकून टाकावा, इथपर्यंत तिची मजल गेली होती.

यात दोन गोष्टींची गुंतवळ असते. एक, ऐनवेळची भीती. तिच्यावर पायरीपायरीने काम करता येतं. दुसरा, त्या भीतीवरून काढलेला निकाल: ‘माझ्यात कला नाही’. भीती हा अनुभव आहे, निकाल हे मत आहे, आणि मताला पुरावा मागता येतो. मी विचारलं, ‘‘तुझ्या मते खरी कला कोणाची?’’ तिने लगेच मोबाईलवर निकोलाय कापुस्तिन या सोव्हिएत काळातल्या पियानोवादक-संगीतकाराचा एक कॉन्सर्ट एत्यूद (मैफिलीत वाजवायची, हाताची कसोटी पाहणारी रचना) लावला. ‘‘ऐका. धबधबा आहे नुसता. असं सुचायला हवं!’’

वादन खरंच अंगावर येतं. डाव्या हाताचा ठेका जॅझचा, उजव्या हाताच्या धावा बेभान. मी म्हटलं, पुढच्या वेळी ये तेव्हा हा माणूस हे कसं करायचा ते शोधून आण.

ती आली ती स्वरलिपीची छापील पानं घेऊन. पानं नुसती काळी दिसत होती. एकेका सुराला शार्प-फ्लॅट, एकेका आघाताची खूण, मोकळी सोडलेली जागा कुठेच नाही. आपण ज्याला उत्स्फूर्त समजत होतो, ते सगळं आधी कागदावर लिहिलेलं होतं!

हा मनुष्य होताच तसा. १९३७ साली युक्रेनमधल्या होर्लिव्का शहरात जन्म, मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत शिक्षण. गुरू अलेक्सांदर गोल्डेनवायझर, ज्यांचं टॉलस्टॉयच्या घरी जाणं-येणं होतं. म्हणजे घराणं अगदी शास्त्रीय. जॅझची गोडी विद्यार्थिदशेतच लागली. १९६१ साली शिक्षण संपलं आणि हा थेट ओलेग लुंडस्ट्रेमच्या जॅझ ऑर्केस्ट्रात पियानोवर बसला, तिथे अकरा वर्षं काढली. पुढे दूरचित्रवाणीच्या आणि मग सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात नोकरी. नोकरी सांभाळून लिहीत राहिला. शोपँ या शास्त्रीय संगीतकारासारखे चोवीस मेजर-मायनर स्केलमधले चोवीस प्रील्यूड, म्हणजे छोट्या रचना, पण जॅझच्या अंगाने. वीस सोनाटा, सहा पियानो कन्चेर्तो. बाहेरच्या जगात नाव झालं ते बरंचसं साठी उलटल्यावर, २००० साली पियानोवादक स्टीव्हन ऑस्बोर्नने त्याच्या रचना ध्वनिमुद्रित केल्या त्याच्या आसपास. २०२० साली तो गेला.

आणि एवढं करून तो मुलाखतीत सरळ सांगायचा की मी जॅझवाला नाही, इम्प्रोव्हायझेशनमध्ये, म्हणजे ऐनवेळी सुचेल ते वाजवण्यात, मला रस नाही. माझं इम्प्रोव्हायझेशन लिहिलेलं असतं आणि लिहिल्यामुळे ते सुधारतं. मला त्याचा हा बेडरपणा फार आवडतो. जॅझच्या दुनियेत असं बोलणं म्हणजे भर वारीत ‘मी चालत नाही’ म्हणण्यासारखंच.

‘‘मग मी पण लिहूनच वाजवू?’’ तिने विचारलं. सवाल रास्त होता. कापुस्तिन लिहून वाजवायचा तो ऐनवेळच्या सुचण्यात रस नव्हता म्हणून. तिला रस होता, भीतीही होती. भीतीपोटी कागदाआड लपणं निराळं, आणि ते मी तिला स्पष्ट सांगितलं. म्हणून ठरलं ते असं: सोळा बारचा सोलो घरी पूर्ण लिहायचा, पाठ करायचा, जॅममध्ये तसाच्या तसा वाजवायचा. तो अंगवळणी पडला की मधले दोनच बार मोकळे सोडायचे. चुकलं तर पुढचे बार सावरायला आहेतच. छातीत धडधडलं तरी वादन थांबवायचं नाही, धडधड चालू असताना वाजवायचं.

पहिल्यांदा लिहिलेला सोलो वाजवून झाल्यावर तिने ड्रमरला खरं सांगून टाकलं. तो म्हणाला, ‘‘मस्त होतं की. पुढच्या वेळी पण हेच घे.’’ एवढ्याच प्रतिक्रियेची तिने महिनोन्‌महिने धास्ती घेतली होती.

आता दोनाचे चार बार मोकळे झालेत. काही रात्री ते साधतात, काही रात्री बोटं पुन्हा गार पडतात. की-बोर्ड विकायचा विषय मात्र बंद आहे. बाबांना लिहिलेली पानं दाखवली तेव्हा ते म्हणाले, ‘‘छान आहे, पण ही उपज नव्हे.’’ ती म्हणाली, ‘‘नसू दे बाबा,’’ आणि त्यांना लेहऱ्यासाठी, म्हणजे एकच ठरलेली धून फिरवत राहायला, हार्मोनियम काढायला लावली.