सोसायटीचा हॅलोजन रात्रभर गॅलरीवर पडतो, शेवंतीला कळ्या न यायचं कारण तेच असेल का?

हो, बहुतेक तेच.

तुम्ही लिहिलंय की सांगलीत विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत शेवंतीच्या कुंड्या आहेत, खतपाणी सगळं वेळच्या वेळी, झाडं गुडघ्याच्या वर गेली, डिसेंबर लागला तरी कळी म्हणून नाही, आणि पार्किंगचा हॅलोजन रात्रभर तोंडावर. खाली भीत भीत हेपण विचारलंय की गांजाच्या झाडाला म्हणे १२ तास अंधार दिला की मगच फुलं येतात, तसलं काही शेवंतीचं असतं का. त्यात भ्यायचं काय, विचारायला कायद्यानं बंदी नाही 😄 आणि दोन्ही झाडं या बाबतीत एकाच जातकुळीची. मी कराडजवळ पॉलिहाऊसला शेवंती करतो, आमचा निम्मा धंदा उजेड-अंधाराच्या टायमिंगवर चालतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवंतीला शॉर्ट डे म्हणजे लहान दिवसाचं झाड म्हणतात पण ती मोजते रात्र. १९३८ साली अमेरिकेत हॅमनर आणि बॉनर यांनी शंकेश्वरावर प्रयोग केला होता, शंकेश्वर म्हणजे तेच तण हो, ज्याची काटेरी फळं पॅन्टला चिकटून घरापर्यंत येतात. त्यांनी दिवसा मधेच थोडा वेळ अंधार करून बघितला, झाडाला काही फरक नाही, पण रात्रीच्या मधे थोडाच वेळ उजेड दाखवला तर फुलं यायचीच थांबली. म्हणजे अंधार सलग पाहिजे, तुकड्या तुकड्यात १२ तास भरले तरी उपयोग शून्य. पानात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, ते लाल उजेडानं एका रूपात जातं आणि अंधारात हळूहळू परत येतं, रात्री मधेच लाईट लागली की झाडाचा हिशोब परत पहिल्यापासून सुरू.

आपल्याकडं जूनमध्ये दिवस तेरा तासाच्या वर असतो, संधिप्रकाश धरला तर अजून थोडा, आणि डिसेंबरात अकराच्या आसपास. त्यामुळं उघड्या रानातली शेवंती पावसाळ्यात नुसती वाढते, सप्टेंबरपासून रात्र मोठी झाली की कळी धरते आणि दिवाळीच्या पुढं-मागं फुलते, जातीप्रमाणं मागंपुढं होतं. तुमच्या गॅलरीत मात्र अजून जूनच चालू आहे.

आम्ही हेच मुद्दाम करतो. रोपं लावल्यावर पहिले काही आठवडे रात्री १० ते २ बल्ब लावायचे म्हणजे दांडा उंच होतो, कळी धरत नाही, मग बल्ब बंद करून संध्याकाळी काळं कापड ओढायचं आणि सकाळी काढायचं, १३ तास अंधार पकडून चालतो आम्ही. उजेड लागतो किती, तर झाडाच्या उंचीला १०० लक्सच्या आसपास, म्हणजे पेपर वाचता येईल एवढा. पौर्णिमेचा चंद्र पाव लक्सच्या आसपास असतो, तेव्हा चांदण्याचा दोष नाही, ते आमच्या आजीला पण पटत नव्हतं. आणि सोसायटीत ज्याला आपण अजून हॅलोजन म्हणतो तो आता बहुतेक ठिकाणी पांढरा एलईडी असतो, जवळून सरळ पडत असेल तर शेवंतीला भरपूर होतो.

विश्वास नसेल तर ऑक्टोबरात हायवेनं येताना बघा, सगळं सोयाबीन पिवळं पडून काढणीला आलेलं असतं आणि ढाब्याच्या नाहीतर पेट्रोल पंपाच्या लाईटखाली तेवढा पट्टा हिरवागार उभा. सोयाबीन पण लहान दिवसाचंच. पेरणी उशिरा झाली की झाड बुटकं असतानाच फुलावर येतं ते याच कारणानं, आणि उसाला तुरा येतो तोसुद्धा ऑगस्ट-सप्टेंबरात दिवस आखडायला लागला की आत ठरतो, आपल्याला दिसतो दोन-तीन महिन्यांनी, तेव्हा हळहळून काय फायदा.

आता गांजाचं. ज्या देशात परवानगी आहे, कॅनडात २०१८ पासून आहे, तिथं खोलीत लावणारे आधी १८ तास लाईट देतात तेव्हा झाड नुसतं पाला वाढवतं, मग १२ तास उजेड १२ तास अंधार केला की फुलावर येतं. अंधारात फटीतून उजेड आला तर झाड गोंधळतं, परत पाल्यावर जातं किंवा मादी झाडावर नर फुलं काढतं, म्हणून ते लोक खोलीची एकेक फट बुजवतात, चार्जरच्या बारीक दिव्याला पण टेप मारतात (ते जरा जास्तच होतं असं माझं मत). त्यात एक ऑटोफ्लॉवर प्रकार असतो, तो उजेड बघत नाही, वय झालं की फुलतो. आपल्याकडं १९८५ चा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आहे, कुंडीत एक झाड लावलं तरी गुन्हा, तेव्हा प्रयोग शेवंतीवरच करा.

करायचं काय, तर पहिलं सोसायटीत सांगून लाईटचं तोंड खाली वळवता येतंय का बघा, फुकटात काम होतं. नाही झालं तर कुंड्या आत घ्या, पण हॉलमध्ये नको, तिथं तुम्ही अकरापर्यंत टीव्ही बघणार. गॅलरीतच ठेवायच्या असतील तर संध्याकाळी सहाला जाड काळं कापड टाका, सकाळी सातला काढा. प्लास्टिक नको, आत उकडतं, आणि गरमीनं कळी अजून लांबते. कापड अख्ख्या झाडावर पाहिजे, नुसते शेंडे झाकून भागत नाही कारण रात्र ओळखतात ती पानं. चैलाख्यान नावाच्या रशियातल्या शास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात शेवंतीवरच हे दाखवलं होतं, पानांना लहान दिवस दिला आणि शेंड्याला मोठा, तरी फुलं आली. उलटं केलं तर आली नाहीत.

एकही रात्र चुकवू नका, निदान कळी दिसेपर्यंत. तीन-चार आठवड्यात बारीक हिरव्या गुंड्या दिसतील, फुल उमलायला एकूण आठ-दहा आठवडे धरा, म्हणजे आज सुरू केलं तर फेब्रुवारी. तोवर शेंडे अजिबात खुडू नका आणि युरिया बंद ठेवा. कळीला रंग दिसायला लागला की कापड टाकायची गरज नाही, मग हॅलोजन रात्रभर जळू दे.