आईबाबांच्या लग्नाची जुनी व्हीसीडी एआयने अपस्केल केली तर चेहरे मेणाचे दिसतात, चांगला रिझल्ट कसा आणायचा?

भाऊ, तुम्ही लिहिलं की १९९८ च्या लग्नाची व्हीसीडी आहे, ती एआयच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून अपस्केल केली, म्हणजे चित्र मोठं करून सरळ फोर-के केलं, आणि आईबाबांसकट सगळ्यांचे चेहरे मेणाच्या पुतळ्यासारखे झाले. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात लग्नाची शूटिंग अन् मिक्सिंग करतो, आणि तीन वर्षांपासून आजूबाजूच्या गावातल्या लोकांच्या जुन्या कॅसेट नीट करून देऊन राहिलो, म्हणून अनुभवातलं सांगतो.

पहिले मला हे सांगा, व्हीसीडी आहे तर मूळ कॅसेट कुठं आहे? १९९८ मध्ये आपल्याकडं लग्नं खांद्यावरच्या मोठ्या व्हीएचएस कॅमेऱ्यानं काढायचे, सोबत एक पोरगा सनगन लाइट धरून उभा असायचा. व्हीसीडी बहुतेक नंतर केव्हा तरी त्याच कॅसेटवरून काढलेली असते. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ पिक्सेलचं असतं आणि कॅसेट कॅप्चर केली, म्हणजे व्हीसीआरवर चालवून कॉम्प्युटरमध्ये घेतली, तर ७२० बाय ५७६ मिळते. व्हीएचएसमध्ये तेवढा बारकावा खरा नसतो, पण व्हीसीडी बनवताना अर्ध्या ओळी गेल्या, हालचाल अर्धी झाली आणि वरून दाबून दाबून चौकोनी ठोकळे पडले, ते काही परत येत नाही. तर आईच्या माहेरी विचारा, कपाटावर, पेटीत, धान्याच्या कोठीमागं, कुठं ना कुठं असते. सापडली तर कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून टेप पाहा. पांढरी बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालू नका, हेड खराब होते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते, ती आधी साफ करून देणाऱ्याकडं द्या. टेप चांगली असेल तर एकदा पूर्ण पुढं-मागं फिरवून घ्या आणि मगच कॅप्चर करा.

कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये पाल (PAL, आपल्याकडची टीव्हीची पद्धत) आणि ७२० बाय ५७६ निवडायचं, बरेचदा ते ६४० बाय ४८० वरच ठेवलेलं असते आणि लोक पाहतच नाहीत. फाइल होईल तेवढी मोठी राहू द्या, लॉसलेस, म्हणजे चित्रातलं काहीच न गमावणारी, जमली तर उत्तमच.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, आणि इथंच नव्वद टक्के लोकांचं काम बिघडते. कॅसेटचं चित्र इंटरलेस असते, म्हणजे एका सेकंदात २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणाचे अर्धे-अर्धे चित्र, एक-आड-एक ओळीत विणलेले. तसंच एआयला दिलं तर हलणाऱ्या हाताच्या कडेला ज्या कंगव्यासारख्या रेघा दिसतात ना, त्या रेघा त्याला खऱ्याच वाटतात आणि तो त्याच ठळक करून देतो. म्हणून आधी डीइंटरलेस, म्हणजे ते विणलेले अर्धे चित्र सुटे करून पूर्ण फ्रेम बनवणं. त्यासाठी मी क्यूटीजीएमसी नावाची स्क्रिप्ट वापरतो, त्याचं सेटिंग डोकं खाते पण रिझल्टला तोड नाही. तेवढं जमत नसेल तर हँडब्रेक सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातलं बीडब्ल्यूडीआयएफ नावाचं डीइंटरलेस फिल्टर बॉबवर ठेवा, म्हणजे प्रत्येक अर्ध्या चित्राची एक फ्रेम होते. दोन्हीत सेकंदाला ५० फ्रेम घ्यायच्या, २५ घेतल्या तर डफड्यावर नाचणाऱ्या माणसाची अर्धी हालचाल जाते. चित्र मागं-पुढं झटके मारत असेल तर फील्ड ऑर्डर, म्हणजे कोणतं अर्धं चित्र आधी, ती उलटी पडली, बदलून पाहा. कॅसेट नाहीच सापडली आणि व्हीसीडीवरच काम करायचं असेल तर डीइंटरलेस करू नका, तिचं चित्र इंटरलेस नसतेच. फक्त टीव्हीवरून मोबाईलनं शूट केलेली कॉपी घेऊ नका, डिस्कच्या एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल सरळ कॉपी करा.

मग अपस्केल, आणि तेही दुप्पटच. ७२० चं दुप्पट १४४०, उभी बाजू १०८० करून घेतली की ४:३ चा आकार बरोबर बसतो. मोठ्या टीव्हीवर पसरवून पूर्ण पडदा भरू नका, नवरी जाडी दिसते. फोर-के काहून नाही म्हणतो, तर एआयचं हे मॉडेल चांगले फोटो मुद्दाम खराब करून, त्यावरून मूळ कसं असेल ते ओळखायला शिकवलेलं असते. म्हणजे जे चित्रात नाही ते तो अंदाजानं भरतो, आणि जेवढं जास्त ताणाल तेवढा अंदाज जास्त. मागच्या रांगेतल्या माणसाचा चेहरा कॅसेटमध्ये वीस पिक्सेलचा असेल तर फोर-केमध्ये दिसणारा चेहरा त्या माणसाचा नसतोच.

हे मला माझ्याच घरात कळलं. आत्याचं लग्न १९९६ चं, आजी तिच्या मागं बसलेली. आजीच्या कपाळावर गोंदण होतं आणि हनुवटीवर तीन ठिपके. मी नवीन नवीन शिकलो होतो, चौपट केलं, नॉइज (चित्रातली दाणेदार खरखर) काढायचं बटण पूर्ण वर, शार्पनेस वर, चेहरे सुधारायचं तेही चालू. चित्र एकदम चकचकीत आलं. आत्याला टीव्हीवर दाखवलं तर ती बराच वेळ पाहत राहिली अन् म्हणे, "लुगडं मायचंच हाय, पण माय नाही वाटून राहिली." मी थांबवून जवळून पाहिलं तर कपाळ साफ गुळगुळीत. गोंदण त्याला डाग वाटले, त्यानं पुसून टाकले. सुरकुत्याही अर्ध्या गेल्या होत्या. आजी जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि तिचा हलता-बोलता चेहरा फक्त त्याच कॅसेटमध्ये होता.

दुसऱ्या वेळी दुप्पटच केलं, टोपाझ सॉफ्टवेअरचं प्रोटिअस मॉडेल मॅन्युअलवर ठेवून नॉइज अगदी थोडा, शार्पन जवळपास शून्य, आणि चेहऱ्याचं वेगळं काही नाही. वरून मूळ चित्र तीसेक टक्के परत मिसळलं आणि बारीक ग्रेन, म्हणजे दाणे, टाकला, त्यानं मेणचटपणा जातो. गोंदण निळसर धूसर दिसते, पण आहे. फुकट पाहिजे तर व्हिडिओ-टू-एक्स घ्या, त्यात रिअल-ईएसआरगॅन आहे, २०२१ चं मॉडेल, चालते चांगलं, पण ते एक-एक फ्रेम वेगळी धरते म्हणून साडीच्या काठावर अन् केसांवर चुळबुळ दिसते. चेहरे सुधारणारे जीएफपीगॅनसारखे मॉडेल व्हिडिओवर मी लावतच नाही, दर फ्रेमला नाक थोडं बदलते.

पूर्ण तीन तासाची कॅसेट पहिल्याच दिवशी लावू नका. एक मिनिट कापा, आणि ते मंगलाष्टकातलं कापा जिथं अक्षता उडतात. अक्षता म्हणजे खरी परीक्षा, बारीक दाणे, जोरात हलणारे, पांढरे. नॉइज जास्त काढला की हवेतल्या अक्षता गायब होतात, लोकं नुसते हात हलवताना दिसतात. डीइंटरलेस चुकलं की एकेका दाण्याचे दोन होतात. त्या एका मिनिटावर चार सेटिंग करून पाहा, आणि लॅपटॉपवर नाही, घरातल्या टीव्हीवर, जेवढ्या अंतरावर आई बसते तेवढ्या अंतरावरून.

वेळेचा हिशोब आधीच करा. ५० फ्रेमनं दहा मिनिटं म्हणजे ३०,००० फ्रेम, मशीन सेकंदाला पाच काढत असेल तर १०० मिनिटं लागतात. आमच्याकडं लाइनचा भरोसा नाही, नऊ तास चाललेली फाइल लाइन गेली की उघडतच नाही, दोनदा झालं माझ्यासोबत. तेव्हापासून सरळ व्हिडिओ न काढता पीएनजी फोटो काढतो, जिथं थांबलं तिथून पुढं सुरू करता येते. एक फोटो दोन-तीन एमबीचा, म्हणजे दहा मिनिटाला ६० ते ९० जीबी जागा मोकळी पाहिजे. जोडताना ५० फ्रेम टाकायला विसरू नका, नाही तर भटजी एकीकडं अन् मंगलाष्टकं दुसरीकडं. आवाज मूळ कॅप्चरमधलाच लावायचा. आणि मे महिन्यात दुपारी हे काम करू नका, ४५ डिग्रीत लॅपटॉप गरम होऊन स्पीड अर्धी होते, मी रात्री दहानंतर कूलरसमोर लावतो, पाण्याचा पंप बंद ठेवून.

मूळ कॅप्चरची फाइल दोन ठिकाणी ठेवा, डिलीट करू नका. पुढच्या वर्षी याहून चांगलं मॉडेल आलं तर तिच्यावरच परत करता येईल. कॅसेट सापडली की इथंच सांगा, अक्षतांचं एक मिनिट टाका, सेटिंग मी पाहून देतो.