वय 34, बँकेत आहे, दापोलीला बदली झालीय, एकटा राहतो, खानावळीत जेवतो, पोट सुटलंय. मिसेस कल्याणला असते त्यामुळे डाएट होत नाही. व्हिडिओ बघून पाचला उठणं, गार पाण्याची आंघोळ, डायरी असं ठरवलंय. संध्याकाळी करमत नाही. जिम, प्रोटीन आणि सकाळचं रूटीन कसं बसवू?

जिमचं शेवटी सांगतो. आधी तुझ्या प्रश्नातली एक ओळ घेतो जी तू सहज लिहून गेलायस. "मिसेस कल्याणला असते त्यामुळे डाएट होत नाही." बाकी सगळं ठीक आहे, पाच वाजता उठणं, गार पाण्याची आंघोळ, डायरी लिहिणं, ते सगळे व्हिडिओ मीपण बघितलेत. (गार पाण्याचं म्हणशील तर मे महिन्यात इथे टाकीचं पाणीच चहासारखं येतं, तो विषय सोड.) पण चौतीस वर्षांचा, बँकेत नोकरी करणारा, धडधाकट माणूस, आणि जेवण नीट का नाही तर करून घालणारी दुसऱ्या गावाला आहे म्हणून. मग पाच वाजता उठून करणार काय तू?

हे वाचून माझं डोकं गरम झालं कारण अगदी हेच वाक्य मी आमच्या घरात दादाच्या तोंडून ऐकलंय.

मी दापोलीजवळच्या हर्णै बंदराच्या बाजूचा. मोटर रिवाइंडिंगचं काम आहे, पंप, मिक्सर, पंखे. बायको झेडपी शाळेत शिक्षिका, तिची बदली झाली मंडणगड तालुक्यात आतल्या गावात, रोज ये-जा शक्य नाही, शनिवारी यायची सोमवारी पहाटे जायची. घरी मी, मुलगा आणि आबा. आबांना प्रेशर, गोळी बरीच वर्षं चालू, तरी वरचा आकडा 160 च्या खाली यायला तयार नाही. दादा डोंबिवलीला असतो, फोनवर काळजी भरपूर. त्याने प्रेशर मोजायचं मशीन पाठवलं, ते कामाचं निघालं, नाही म्हणत नाही. मग आबांसाठी आणि माझ्यासाठी प्रोटीन पावडरचा एक भलामोठा डबा पाठवला. आणि दर फोनला एकच, "बायकोला बदली रद्द करून घ्यायला सांग, घरात बाई नाही म्हणून आबांची आबाळ होते."

डॉक्टरांनी डाएटचा कागद दिलेला होता, पण तो बायकोच्या हातात दिलेला. मी शेजारीच उभा होतो तरी! मीठ कमी करा असं त्यात लिहिलेलं आणि आमच्याकडे सगळ्यांचं ठाम मत की आम्ही आमटीत मीठ कमीच घालतो. खरं आहे, आमटीत कमीच घालायचो. पण मी जेव्हा स्वतः चुलीपुढे उभा राहायला लागलो ना तेव्हा कळलं की मीठ आमटीतून येतच नव्हतं. आबांची सकाळ म्हणजे पेज आणि तिच्याबरोबर लोणच्याची फोड नाहीतर भाजलेला खारा बांगडा, दुपारी सोलकढी आणि ती आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची, आगळ टिकतो कशावर तर मिठावर, रात्री पापड हवाच. दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत मीठ हवं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे चहाचा एक चमचा. आमचे आबा तेवढं बहुतेक दुपारपर्यंतच संपवत असतील. आणि दादा फोनवर सांगायचा, सोलकढी देत जा रे, थंड असते, प्रेशरला चांगली.

मग मी काय केलं, आगळ बंद, मीठ न लावलेली आमसुलं भिजवून त्याची कढी, खारा बांगडा बंद, ताजा चालू. इथे खरी गोम आहे, ताजा आणायचा तर घेता आला पाहिजे आणि साफ करता आला पाहिजे, आणि आपण बंदरावर वाढलेले पुरुष मासळी आणतो रुबाबात पण पिशवी ओट्यावर ठेवली की आपलं काम संपतं.

हर्णैला संध्याकाळी लिलाव बघितला नसशील तर आधी तो बघ. होड्यांतून माल किनाऱ्यावर येतो, बैलगाड्या पाण्यात उतरतात, पुळणीवर ढीग लागतात, आणि आपल्यासारख्यांनी लिलावात तोंड घालायचं नाही, बाजूला बायका वाटा लावून बसतात तिथे घ्यायचं. मी तिथे डोळे बघून बांगडा उचलत होतो तर एक मावशी म्हणाली, "डोळ्यांना काय बघतोस, बर्फातल्याचे पण चमकतात, कल्ला उघड." कल्ला लाल हवा, तपकिरी झाला की ठेवून द्यायचा, आणि पोट दाबून बघायचं, बोट आत गेलं की तो गेला. साफ करून देऊ का विचारतात, नको म्हण. घरी आण, डोकं उडव किंवा ठेव, कल्ले उपटून काढ, पोटाला चीर देऊन बोटाने आतलं सगळं एका ओढीत बाहेर, मग कण्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ असते ती अंगठ्याच्या नखाने नळाखाली खरवडायची. ती राहिली की वास येतो आणि मग लोक बांगड्याला नावं ठेवतात. दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा, हळद, मिरची, आमसुलाचं पाणी, तांदळाचं पीठ लावून तव्यावर थोड्या तेलात. चिरांमध्ये मसाला नीट गेला ना तर मीठ निम्मं पुरतं.

आणि हो, बांगडा खाल्ल्यावर अंगावर पित्त उठतं असं जे म्हणतात त्यात बऱ्याचदा बांगड्याचा दोष नसतो, बर्फाशिवाय राहिलेल्या बांगड्यात हिस्टामाइन तयार होतं आणि ते तळून शिजवून जात नाही. तोंड लाल, खाज, डोकं दुखणं. म्हणून आणल्या आणल्या साफ करून फ्रीजमध्ये.

तर त्या वर्षी शिमग्याला दादा आला. पालखी येऊन गेलेली, पडवीत भाऊबंद बसलेले, मी आत मासे तळत होतो. दादा सगळ्यांसमोर म्हणतो, "आता ह्याला साडी नेसवायचीच बाकी आहे." सगळे हसले. आबापण हसले जरा. मी हातातला कालथा घेऊनच बाहेर गेलो आणि म्हटलं, तू जिमला जातोस, पंधरा हजाराचे बूट घालतोस, पण वहिनी चार दिवस माहेरी गेली की हॉटेलातून मागवतोस, तुझ्या अंगात जोर आहे पण तो पोळीच्या पिठापर्यंत का पोचत नाही? मोठ्या भावाला असं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. बोललो. पुढे बरेच महिने फोन बंद होते आमचे.

माझं मत विचारशील तर ज्या पुरुषाला स्वतःचं ताट स्वतः करता येत नाही त्याने शरीर कमावायच्या गप्पा मारू नयेत. चांगली तब्येत दुसऱ्याच्या श्रमावर उभी असेल तर तिला शिस्त कसली म्हणायची. तुझी खानावळवाली तेल किती घालते ते तुझ्या हातात नाही, तवा तुझा असला की आहे.

आता तुझे प्रश्न. प्रोटीन, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशेबाने साध्या माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम, तू 70 किलोचा असशील तर 58 च्या आसपास. 100 ग्रॅम मासळीत साधारण 20 मिळतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद असतात तेव्हा अंडी आहेत, कुळीथ आहे, कुळथाची पिठी करायला दहा मिनिटं लागतात, भात मात्र वाडग्याने मोजून घे कारण पिठीबरोबर तो कधी संपतो कळत नाही. पावडर वाईट नाही, पण पावडर विकत घेणारा माणूस बाजारात जायचं टाळतो असं मी बघितलंय. व्यायाम, आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचं काहीतरी, दंड बैठका चालतील, मुरुडची पुळण ओहोटीला मस्त कडक असते तिथे चाल. दापोलीत जिम आहेत, शोध, जा, माझा जिमशी वाद नाही. कमरेला टेप लावून बघ, 90 सेंटिमीटरच्या वर असेल तर एकदा साखर आणि प्रेशर तपासून घे.

संध्याकाळी करमत नाही लिहिलंयस त्यावर माझ्याकडे एकच, सातनंतर कांदा चिरायला घे, वेळ जातो आणि बंदरावर चार माणसं ओळखीची होतात. पण नुसतं करमत नाही एवढंच नसेल, झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. कांद्याने ते जाणार नाही.

आणि कोणी प्रेशरवाला हे वाचत असेल तर मीठ कमी केलं म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. बाजारात मिळणारं लो सोडियम मीठपण किडनीचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, त्यात पोटॅशियम असतं. आबांची गोळी आजही चालू आहे. आकडा आता 135 च्या आसपास असतो. दादाशी बोलणं सुरू झालंय, पण तो अजून म्हणतो की गोळीने उतरलं, स्वयंपाकाचा काय संबंध. गोळी तीच आहे, ताकदपण तीच, 160 होतं तेव्हाही हीच घेत होते, हे त्याला माझ्याऐवजी कोणीतरी सांगा, माझं तो ऐकत नाही.