माळ आहे तसा राहू दे

चि. ...,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. आजोबांच्या वाटणीची माळजमीन तुझ्या नावावर झाली आहे आणि तिथल्या वन्यजीवांसाठी काही करावे अशी तुझी इच्छा आहे. पण कोणी देवराई उभारायला सांगतो, कोणी शेततळे, कोणी आधी कुंपण, आणि या सल्ल्यांत तू पुरती गोंधळून गेली आहेस. मी छायाचित्रे भिंग लावून पाहिली. ज्या उताराला तू ‘उजाड’ म्हटले आहेस, त्यावर मला पवन्या गवत दिसले, कडेने हेंकळ आणि तरवड दिसली, आणि खडकाच्या आडोशाला एक बीळ दिसले, ते बहुधा खोकडाचे असावे. इतके सगळे नांदत असलेल्या जागेला उजाड म्हणणे मला मान्य नाही.

कोणती झाडे लावू, असे तू विचारले आहेस. एकही लावू नकोस. माळ आहे तसा राहू दे.

पर्जन्यछायेतली, वर्षाकाठी पाचसहाशे मिलिमीटर पावसाची, वीतभर मातीखाली मुरूम लागणारी ही जमीन जंगल तुटून बोडकी झालेली नाही. ती गवताची जमीन आहे, आणि तिच्यावर वाढणारे जीव गवताच्या हिशेबानेच घडलेले आहेत. सातबाऱ्यावर तिची नोंद पोटखराब अशी असेल, पण ती नोंद पीक आणि सारा डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे. धाविक पक्षी आपली अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये मिसळून जातील अशी घालतो. चंडोल गवताच्या बुडाशी घरटे करतो. काळवीट आणि चिंकारा दूरवर नजर पोचते म्हणून सुरक्षित असतात. अशा ठिकाणी तू गिरिपुष्प किंवा सुबाभूळ रांगेने लावलीस, तर शिकारी पक्ष्यांना आणि कावळ्यांना टेहळणीची जागा मिळेल आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी तिथून उठतील. ही दोन्ही झाडे मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, हा भाग वेगळाच. देशी झाडे लावली तर चालेल का, असे तू लगेच विचारशील. माळाच्या मध्यावर दाटीने लावलेला कडुलिंबही माळ बंदच करतो. ओघळीच्या काठाला आपोआप उगवलेले हिवर, बोर, पळस आहेत, तेवढे पुरेसे आहेत.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानासह मोठा प्रदेश १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. माळढोक बहुधा एकच अंडे घालतो आणि तेही उघड्या जमिनीवर. आज त्या भागात माळढोक दिसला तर बातमी होते. त्याच्या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत. शिकार, सिंचनाबरोबर बदललेली पिके, विजेच्या तारा. पण मोकळी जागा ही रिकामीच असणार, तेव्हा ती कशाने तरी भरली पाहिजे, ही समजूतही त्या कारणांत आहे, आणि तीच समजूत तुझ्या पत्रात ओळीओळीत दिसते म्हणून मी एवढा चिडून लिहितो आहे.

माझ्याबद्दल तू जे ऐकले असशील ते मला ठाऊक आहे. जमीन पडीक ठेवली, आळस केला आणि त्याला निसर्गप्रेम असे नाव दिले, असे नातेवाईक म्हणतात. वडील गेले तेव्हाही त्यांची हीच समजूत होती. त्यांना एका हिवाळी संध्याकाळी बांधावर बसवून गवतात मुक्कामाला उतरणारे भोवत्या पक्षी दाखवायचे राहून गेले, ही खंत आहेच. पण जमीन नांगरली नाही याचे दुःख मला एक दिवसही झाले नाही, आणि ज्यांनी शेजारच्या उतारावर यंत्राने चर खणून रोपे लावली त्यांच्या चरांच्या कडेला आज गाजरगवत माजले आहे, हेही तुला सांगून ठेवतो. हे आत्मसमर्थन वाटले तर वाटू दे.

माळ तसाच ठेवायचा याचा अर्थ हात बांधून बसायचे असा नाही. तुझ्या जमिनीच्या पूर्वेला वेडी बाभूळ घुसली आहे. ती वरून तोडशील तर बुंध्याला दुप्पट धुमारे फुटतील. तिला मुळासकट खणून काढावे लागते आणि पुढची काही वर्षे पावसाळ्यानंतर फिरून रोपटी उपटावी लागतात. घाणेरीचेही तसेच. तिची फळे पिकून पक्ष्यांनी बी पसरवण्याच्या आधी तिचे खोड जमिनीच्या किंचित खाली, मुळाशी छाटावे आणि झुडूप उलटे करून ठेवावे, म्हणजे ते पुन्हा धरत नाही. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याचे छायाचित्र चांगले येत नाही. वृक्षारोपणाला जमणारी मंडळी या कामाला सहसा येत नाहीत.

गवताची कापणी बी झडल्यावरच कर. कुसळीचे एक बी तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. त्याच्या टोकाचे पीळदार कूस भिजले की हळूहळू उलगडत फिरू लागते आणि वाळले की पुन्हा पीळ घेते. जमिनीवर पडलेले बी याच हालचालीने मातीत शिरते. ज्या गवताची ही एवढी तयारी आहे, त्याला पेरणीसाठी तुझी गरज नाही. त्याला बी झडेपर्यंत विळा लागू नये एवढेच हवे आहे. कापतानाही सगळा माळ एकदम साफ करू नकोस. उंच गवताचे पट्टे राखून ठेव, कारण हिवाळ्यात येणारे भोवत्या त्यातच जमिनीवर झोपतात. वणवा पसरू नये म्हणून उन्हाळ्यापूर्वी कडेने जाळरेषा, म्हणजे गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढाव्यात, त्यावर जास्त लिहीत नाही.

चराई कायमची बंद कर, असाही सल्ला तुला मिळाला आहे. तो देणारा माणूस सज्जन आहे, पण त्याने माळ पाहिलेला नाही. वर्षानुवर्षे कोणीच न चरलेले गवत जुन्या काडाने गच्च होते, त्यात झुडपे शिरतात, आणि आखूड गवत लागणारे धाविक, चंडोल निघून जातात. पावसाळ्यात गवत फुलोऱ्यावर येऊन बी धरेपर्यंत चराई थांबव. त्यानंतर दरवर्षी तिथून जाणाऱ्या धनगरांशी बोलून, माळाचे भाग पाडून आळीपाळीने मेंढ्या येऊ दे. लांडगा पिढ्यान्पिढ्या त्या कळपांच्या मागे फिरत आला आहे. मेंढपाळाला हाकलून लांडगा राखता येत नाही.

काटेरी तारेचे कुंपण नको. रात्री उडणारी घुबडे त्यात अडकून जखमी होतात. जाळीचे तर मुळीच नको, कारण त्याने चिंकारा आणि खोकड दोघांचीही वाट अडते. हद्दीचे दगड पुरेसे आहेत. सिमेंटचा पाणवठाही बांधू नकोस. चिंकारा पाण्यावाचून दीर्घकाळ राहू शकतो. तुझ्या पाणवठ्यावर आधी गावातली मोकाट कुत्री येतील, आणि कुत्र्यांबरोबर पिसाळरोग आणि डिस्टेंपर हा विषाणूचा रोग येतील, जे खोकडांना आणि लांडग्यांना लागतात. तिथे राहायला जाशील तेव्हा स्वतःचा कुत्रा लसीकरण केलेला आणि रात्री बांधलेला असावा. यात सवलत नाही.

कायद्याचे विचारलेस ते शेवटी घेतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यात २००२ च्या दुरुस्तीने कलम ३६-सी घातले गेले. एखाद्या व्यक्तीने स्वेच्छेने संवर्धनाची तयारी दाखवली, तर तिची खाजगी जमीनही राज्य सरकार समुदाय राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. त्यानंतर जमिनीचा वापर बदलायचा तर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी लागते. म्हणजे पुढे तुझ्या मुलाने तिथे भूखंड पाडायचे ठरवले तर त्याला ते सहज जमणार नाही, आणि उद्या तुझे मन बदलले तर तुलाही जमणार नाही. म्हणून आताच अर्ज करू नकोस. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा, सगळे ऋतू त्या जमिनीवर चालून काढ, काय कुठे येते आणि कधी जाते ते वहीत लिही, आणि भावाला बरोबर ने. त्याचा हिस्सा लगतच आहे आणि त्याला जमीन विकायची आहे, हे तू पत्राच्या तळाशी एका ओळीत उरकले आहेस. ते आधी त्याच्याशी बोलून घे.

तुझा,
काका