कातडी लॅबमध्ये बनते, मग डॉक्टर कशाला?

सातपूरच्या एका आईचं पत्र आहे. मुलगी बारावी सायन्सला, ग्रुप पीसीबी. तिला भाजलेल्या रुग्णांसाठी काम करायचंय. आई विचारतात, 'आता कातडी लॅबमध्ये तयार होते म्हणे. मग एमबीबीएसच्या मागे न लागता थेट बायोटेकला घालू का?'

ताई, लॅबमध्ये कातडी बनते हे खरं. रुग्णाचा छोटा तुकडा घेऊन पेशी वाढवायला साधारण तीन आठवडे लागतात. हाती येतो तो पातळ पापुद्रा. खालचा जाड थर त्यात नसतो. जंतुसंसर्ग झाला किंवा ड्रेसिंग सरकलं की तो निघून येतो. तोवर मेलेली कातडी काढून जखम झाकावीच लागते: रुग्णाच्या मांडीवरून डर्माटोमने (कातडीचा पातळ थर कापणारं यंत्र) काढलेला ग्राफ्ट, म्हणजे जखमेवर लावायचा कातडीचा थर, नाहीतर स्किन बँकेतली दान केलेली त्वचा. ही त्वचा मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घेतात, रक्तगट जुळवावा लागत नाही. पण ती तात्पुरती. काही आठवड्यांत शरीर ती नाकारतं.

पहिला दिवस तर लॅबच्या हातात नसतोच. ६० किलोचा माणूस ३० टक्के भाजला, तर पार्कलंड सूत्राने (४ मिली × वजन × भाजल्याची टक्केवारी) ४ × ६० × ३० म्हणजे ७,२०० मिली रिंगर लॅक्टेट, हे एक प्रकारचं सलाईन, २४ तासांत शिरेतून द्यायचं. निम्मं पहिल्या आठ तासांत, आणि घड्याळ भाजल्यापासून मोजायचं. सुरगाण्याहून नाशिकला यायला तीन तास गेले आणि वाटेत सलाईन नव्हतं, तर ते ३,६०० मिली पाचच तासांत द्यायचे. नवे डॉक्टर नेमके इथे चुकतात. हा आकडाही फक्त सुरुवातीचा. पुढे तासाला ३० मिलीच्या आसपास लघवी होतेय का, हे पाहून वेग कमी-जास्त करतात. जास्त गेलं तर फुप्फुसात पाणी, पोटात दाब. हे रात्रभर पाहते ती नर्स.

सर्जन व्हायचं तर एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमएस जनरल सर्जरी तीन, एमसीएच प्लास्टिक सर्जरी तीन. साडेअकरा वर्षं, तीही प्रत्येक टप्प्याची नीट परीक्षा पहिल्या फटक्यात निघाली तर.

माझं मत विचाराल तर ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीकडे जरूर बघा. ग्राफ्ट लागला तरी सांधा आखडतो. मान, काख, बोटं योग्य स्थितीत स्प्लिंटमध्ये (आधाराच्या पट्टीत) ठेवणं, दिवसाचे २३ तास प्रेशर गारमेंट (व्रणावर दाब देणारे घट्ट कपडे), तेही कित्येक महिने, हे काम या थेरपिस्टचं. हे चुकलं की पुन्हा ऑपरेशन. या दोन्ही कोर्सचे प्रवेश नीटवरून होतात, बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी वेगळी. संलग्न कॉलेजांची यादी म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाच्या वेबसाइटवर मिळेल.

बायोटेक वाईट नाही, पण तिथे रुग्ण दिसणार नाही, एम.एस्सी., पीएच.डी.ची तयारी हवी.

कॉलेज ठरवण्याआधी तिथे जाऊन विचारा: तुमच्या रुग्णालयात जळीत कक्ष आहे का, आणि विद्यार्थ्यांची पोस्टिंग तिथे किती आठवडे असते?