.३०८ चं पितळ दर वेळी ट्रिम करायचं का?

प्रश्न असा आहे: "टेक्सासमध्ये राहतो, .३०८ विंचेस्टरची काडतुसं घरी भरतो. केस दर वेळी ट्रिम करायची की मापाबाहेर गेल्यावरच? ट्रिमर कोणता घेऊ?"

दर वेळी ट्रिम (केस, म्हणजे काडतुसाची पितळी नळी, तोंडाकडून कापून आखूड करणं) नाही. मोजायचं मात्र दर वेळी, तेही साइझिंग (उडालेली केस डाय नावाच्या साच्यात दाबून पुन्हा मापाला आणणं) झाल्यावर. या "झाल्यावर"वरून आमच्या दाजींचं आणि माझं दोन वर्षांपासून जमत नाही, त्यामुळं उत्तर लांबणार.

मी वाळूजच्या टूलरूममधला माणूस, भरायचं काम दाजींचं. ते तुमच्याच राज्यात राहतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या गॅरेजात ५० केस पुढ्यात होत्या. दाजींनी रेंजवरून आणल्या आणल्या मोजल्या: २.०११ ते २.०१३ इंच. मर्यादा २.०१५ (५१.१८ मिमी). "बसतंय की" म्हणून साइझ केल्या आणि निम्म्या भरल्या. त्यातल्या पाच-सहांना बोल्ट (काडतुसामागं चेंबर बंद करणारा दांडा) बंद करताना जड गेला. उरलेल्या रिकाम्या केस मी व्हर्नियरला लावल्या तर २.०१६ ते २.०१९! भरलेल्या सगळ्या सोडवायला लावल्या.

कणकेचा उंडा दोन तळव्यांत वळला की लांब होतो ना, तसंच हे. बार उडाला की केस चेंबरभर (रायफलीत काडतूस बसतं त्या जागेभर) फुगते. साइझिंग डाय तिला पुन्हा आवळते आणि दबलेलं पितळ नेककडं (गोळी धरणाऱ्या तोंडाजवळच्या अरुंद भागाकडं) सरकतं. वर परत येताना एक्स्पांडरचा गोळा (नेक आतून मापाला आणणारा) नेक ओढतो तो वेगळाच. नेकच्या आत ल्युब (वंगण) नसेल तर ती ओढ हाताला कळते. कोरं कापड भिजवल्याशिवाय शिंपी माप घेत नाही. साइझिंगआधीचं माप तसलंच, कोऱ्या कापडाचं.

माप ओलांडलं तर काय होतं? केसचं तोंड चेंबरच्या पुढच्या पायरीत रुततं. बार उडताना नेकला फुगून गोळी सोडायला जागाच उरत नाही आणि प्रेशर चढतं. बोल्ट जड बसणं ही पहिली खूण, पण खूण दिसायची वाट बघू नका.

माझी पद्धत सरळ आहे. साइझ करा, ल्युब पुसा, व्हर्नियरचा झिरो तपासा, मग मोजा. लॉटमधली सगळ्यात लांब केस २.०१५ ला टेकली की अख्खा लॉट २.००५ वर (५०.९३ मिमी) आणा, एक-दोन केस नाहीत. नंतर आतून चॅम्फर (कड तिरपी करणं), बाहेरून बर (कापताना उठलेली खरखरीत कड) काढायचा, दोन्ही हलक्या हातानं. तोंड ब्लेडसारखं धारदार करून ठेवलं तर तेच आधी फाटतं.

आता दाजींचा मुद्दा: "दर वेळी ट्रिम केलं की प्रश्नच मिटला." मिटत नाही दाजी, झाकला जातो. नेकवर कापलेलं पितळ आभाळातून पडत नाही. फार मोठा भाग बुडाच्या जाड भागाच्या लगेच वरच्या भिंतीतून येतो आणि तिथं केस पातळ होत जाते. पोलादी तारेचं टोक किंचित वाकवा, आतून बुडापासून वर ओढा. खाच लागली किंवा बाहेरून चकचकीत कडं दिसलं तर ती केस भंगारात. दाजींच्या ५० पैकी तीन तशा निघाल्या. म्हणून डब्यावर फायरिंगसोबत ट्रिमचीही संख्या लिहा. चौथ्या ट्रिमनंतर मी तरी त्या लॉटवर भरवसा ठेवत नाही.

दर फायरिंगला केस मापाबाहेर जात असेल तर दोष बहुधा डायच्या सेटिंगचा. दाजींची डाय शोल्डर (नेकखालचा उतार) ०.००८ इंच मागं ढकलत होती. बोल्ट रायफलला ०.००२ पुरे, सेमी-ऑटोला ०.००३ ते ०.००४. डायचे आटे ७/८-१४, म्हणजे एका फेऱ्याला १.८१ मिमी. ०.००६ इंच, म्हणजे ०.१५ मिमी कमी करायला फेऱ्याचा बारावा भाग: घड्याळात एक वाजल्यापासून दोनपर्यंत काटा जातो तेवढं. तेवढी डाय सैल केली, लॉकनट आवळला, कम्पॅरेटरनं (शोल्डरची जागा मोजायच्या साधनानं) शोल्डर पुन्हा मोजला. पुढच्या दोन फायरिंगला ट्रिमरला हात लागला नाही. दाजी म्हणतात पितळ नवं होतं. पितळ तेच होतं!

राहिलेल्या गोष्टी. गोळीला क्रिम्प देत (केसचं तोंड गोळीवर आवळत) असाल तर सगळ्या केसची लांबी एकसारखीच हवी, तिथं दाजी बरोबर आहेत. हे आकडे फक्त .३०८ चे; .२२३ रेमिंग्टनला मर्यादा १.७६० आणि ट्रिम १.७५०. नुसतं नेक साइझ केलं तर केस कमी वाढते, पण मोजणं चुकत नाही. आणि मराठवाड्यातून वाचणाऱ्यांसाठी: आपल्याकडं परवान्याशिवाय काडतूस भरणं गुन्हा आहे. घरी प्रयोग नको.

ट्रिमर? महिन्याला शंभर केस असतील तर हातानं फिरवायचा साधा चालतो. आधी चांगला व्हर्नियर घ्या.